शैलू आता मराठीत बोलते

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, त्या सोडून द्याव्यात. अक्षर तर थोड्या वेळानं माझं मलाच लागत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यानंतर हातात पेन्सिल कमी आणि पीठ जास्त. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी कधी कुणाच्या हाती पडलीच, तर त्या माणसानं मला माफ करावं आणि वही होती तिथं ठेवून द्यावी. चार बायांत बसले की मी शेवटी बोलते, आणि बोलायची वेळ येईपर्यंत चहा संपून सगळ्या उठलेल्या असतात. म्हणून लिहिते आहे.

थंडी पडली. सोलापूरची थंडी ती केवढी! सकाळी पत्र्याला हात लावला तर गार, आणि दहा वाजता पुन्हा तेच ऊन. पण भाकरीला थंडी कळते. मी कडक भाकरी करून विकते. पावसाळ्यात ती लवकर सुकत नाही, कितीही पातळ थापली तरी मधे मऊ राहते आणि दुकानदार पाकीट परत करतो. या दिवसांत मात्र तव्यावरून काढून चुलीच्या कडेला उभी केली की घटकेत पापडासारखी होते. बोटानं टिचकी मारली तर वाजते. तो आवाज यायला लागला की मी समजते, अक्कलकोटच्या बाजूला आमच्या मामांच्या शेतात ज्वारी पोटऱ्यात आली असणार आणि येळवस जवळ आली असणार.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावातली घरं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. पिकात कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची. सगळ्या शेंगाभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मातीच्या डेऱ्यात आंबवलेली ताकाची आंबिल. वाटेनं जाणाऱ्याला सुद्धा हाताला धरून पानावर बसवायचं. पोट भरलं असं म्हणून कुणाला सुटता येत नाही.

लहानपणापासून मला हा दिवस फार आवडायचा. आता तो जवळ आला की मला भाकरी थापवत नाही. थापते, पण कडा फाटतात.

शैलजा माझी धाकटी बहीण. आम्ही तिला शैलू म्हणतो. ती आठ महिन्यांची असताना आमची अव्वा गेली. अव्वा म्हणजे आई. आमचं घर कन्नड बोलणारं. मी तेव्हा चौथीत होते. अप्पा यंत्रमागावर कामाला, सकाळी सातला जायचे. शाळेतल्या बाई दोनदा घरी आल्या, दारात उभ्या राहून अप्पांना म्हणाल्या, "महानंदा हुशार आहे हो, काढू नका." अप्पांनी शैलूला उचलून त्यांच्यापुढं धरलं आणि विचारलं, "मग हिला कुठल्या वर्गात बसवू?" बाईंनी शैलूच्या गालाला हात लावला आणि गेल्या. मला वाईट वाटल्याचं आठवत नाही. कडेवर शैलू होती आणि तिला भूक लागलेली होती, एवढं आठवतं.

तिला मी आंबिल पाजून वाढवलं. बोलायला मी शिकवलं. अव्वा माझ्याशी जे बोलायची तेच मी तिच्याशी बोलले, कारण बाळाशी दुसरं काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत एका बाजूला तेलुगू, समोर उर्दू, कोपऱ्यावर मराठी. भाजीवाल्याशी मराठी, शेजारच्या लक्ष्मीबाईंशी मराठी, त्यांच्या सासूशी खुणा. घराचा उंबरा ओलांडून आत आलं की कन्नड. लिहायला मात्र मला कन्नड येत नाही, एक अक्षरसुद्धा नाही. शाळा मराठी होती. म्हणून हे सगळं मी मराठीत लिहिते आहे, आणि लिहिताना सारखं वाटतं की ही गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या घरातली आहे.

माझं लग्न झालं, एका वर्षात मोडलं. त्याचं इथं काही काम नाही. मी परत आले तेव्हा शैलू दहावीत होती आणि तिनं दार उघडून एवढंच विचारलं, "भाकरी तू करणार ना आता? अप्पांची जळते."

ती शिकत गेली. पुण्याला कॉलेजात गेली, संख्याशास्त्र घेतलं. अप्पा गेले त्या वर्षी सुद्धा तिचा पहिला नंबर सुटला नाही. मग एक दिवस फोन आला. कॉलेजचं परदेशातल्या एका विद्यापीठाशी ठरलेलं असतं, तिकडची मुलं इकडं येतात आणि इकडची तिकडं जातात, एका वर्षासाठी. कॅनडा. फी इथलीच भरायची. निवडलेल्या दोन मुलींत ती एक.

"अक्का, तिथं दोन भाषांत शिकवतात," ती म्हणाली. "इंग्रजी आणि फ्रेंच. पेपर कुठल्याही भाषेत लिहिला तरी चालतो. सर शिकवणार फ्रेंचमध्ये, आपण लिहायचं इंग्रजीत."

"मग त्यात काय," मी म्हणाले. "आपल्या गल्लीत चार भाषा आहेत, आणि फी कुणी घेत नाही."

किती हसली होती! हसताना तिचा श्वास अडकतो आणि मग उचकी लागते. लहानपणापासून तसंच.

फी नव्हती, पण तिकीट, विमा, राहणं, खाणं. तिला थोडी शिष्यवृत्ती मिळाली, तरी तीन लाख कमी पडत होते. आमचा बचत गट आहे, मी आणि अजून बारा बाया. बँक गटाला कर्ज देते आणि बाया पाळीपाळीनं वाटून घेतात. त्या वर्षी लक्ष्मीबाईंना शिलाईचं दुसरं मशीन घ्यायचं होतं. शोभाला घरावर पत्रा टाकायचा होता. शोभा सरकारी दवाखान्यात वॉर्डात काम करते, तोंडानं फटकळ आहे. बैठकीत मी नेहमीसारखी खाली बघून बसले. माझं मागणं लक्ष्मीबाईंनीच मांडलं. मग शोभा म्हणाली, "आपल्या गल्लीतली पोरगी इमानात बसणार, आणि मी पत्र्याचं काय घेऊन बसलेय! देऊन टाका तिला. गळू दे वरून एक वर्ष अजून." एकेक करून बाराही जणींनी आपला वाटा सोडला. एकीनंही कागद मागितला नाही. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर शोभानं मला दंडाला धरून उभी केली. "पाया पडू नको, हप्ता चुकवू नको."

जाताना मी तिला पन्नास कडक भाकरी दिल्या. साडीच्या खोक्यात, खाली-वर टॉवेल, मधे कागद. शेंगाचटणीचा डबा वेगळा. एकही मोडू नये म्हणून दोन दिवस बांधत होते. तिकडं पोचेपर्यंत सगळ्यांचा चुरा झाला. तिनं फोनवर दाखवलं, खोक्यात हात घालून मूठभर चुरा वर काढला आणि म्हणाली, "बरं झालं, मोडायचं काम वाचलं." रोज सकाळी दुधात घालून खायची. तो वास आला म्हणून शेजारच्या खोलीतली मुलगी विचारायला आली, तीसुद्धा खाऊन गेली.

ते चार महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले होते. माझी संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ. मी परात घेऊन बसायची, फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. तिकडं ती केस विंचरायची, चहा करायची, पिशवी भरायची. पुष्कळदा आम्ही काही बोलतही नव्हतो. मी थापायची, ती आवरायची. मधेच ती तिकडचं काहीतरी सांगायची. रस्त्यावरची प्रत्येक पाटी दोनदा लिहिलेली असते. दुकानात गेलं की दुकानदार दोन्ही भाषांत नमस्कार करतो, आपण ज्या भाषेत उत्तर देऊ त्याच भाषेत तो पुढं बोलतो. गावातून कालवा जातो, तो थंडीत दगडासारखा होतो आणि माणसं पायात पात्यांचे बूट घालून त्यावरून कामाला जातात.

"आपला उजनीचा कालवा गोठला तर?" मी म्हणाले.

"तर मामा त्यात ज्वारी वाळत घालतील," ती म्हणाली. उचकी लागली.

पहिला बर्फ पडला तेव्हा तिनं खिडकीतून दाखवला. मला तो चाळणीतून पडणाऱ्या पिठासारखा दिसला. तसं म्हणाले तर ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हो गं. आता मला रोज तुझी परातच दिसणार." ते बोलताना तिचा आवाज जरा निराळा होता. मला तेव्हा भाकरी उलटायची घाई होती.

मागून विचार केला की एकेक दिसतं. एका विषयात तिला चौघांबरोबर मिळून काम करायचं होतं आणि ते चौघे आपसात फ्रेंच बोलायचे. वाईट नव्हते. आठवण झाली की इंग्रजीत वळायचे, मग विसरायचे. ती म्हणाली होती, "मी नुसती मान हलवते अक्का." मी म्हणाले, "मी बँकेत गेले की तेच करते." ती हसली नाही. मग दिवस लहान झाले. आमचा फोन सुरू असताना तिच्या खिडकीत उजाडलेलं नसायचं. ती म्हणायची झोप येत नाही. मी म्हणायची दूध पी.

आता ती येळवस.

त्या वर्षी मी गटातल्या बायांना शेतावर जेवायला नेलं. मला फार वाटत होतं, त्यांनी एवढं केलं, आपण एक दिवस तरी त्यांना पानावर बसवावं. लक्ष्मीबाई आल्या, शोभा आली, अजून तिघी आल्या. मामांनी जीप पाठवली. ज्वारी डोक्याच्या वर, पानांवर दव सुकत आलेलं, आणि आत शिरलं की हिरवा ओला वास. कोपीच्या सावलीत पंगत बसली.

"ही आंबिल म्हणजे ताकच की ओ," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"ताक म्हणू नका," मामा म्हणाले. "दोन वाट्या प्या आनि मग उठून दाकवा. हितंच झोपताय का न्हाय बगा."

शोभानं तीन वेळा भज्जी घेतली. बोटं चाटत म्हणाली, "नंदा, तुझी बहीण तिकडं गोऱ्याशी लगीन लावून बसली तर आमचे पैसे आहेरात धरू नको बरं का. आदीच सांगते." सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले. मनात मात्र कुठंतरी टोचलं. गरीब माणसाला दिलेल्या पैशाची आठवण चेष्टेतसुद्धा झाली की तसं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. शैलूचा. इथं दुपारचा एक वाजला होता, म्हणजे तिकडं रात्रीचे अडीच. माझ्या फोनला कानाजवळ ऐकू येत नव्हतं, त्या भोकात पीठ जाऊन बसलं होतं. मी कायम मोठ्या आवाजावर बोलायची. घरात एकटी असल्यावर त्याचं काही नव्हतं. त्या दिवशी मी हात धुऊन फोन उचलला आणि तिचा आवाज सगळ्या पंगतीत पडला.

ती रडत होती. कन्नडमध्ये बोलत होती. म्हणाली, नाताळची सुट्टी लागली आहे, सगळी मुलं घरी गेली आहेत, पूर्ण इमारतीत ती आणि खालचा पहारेकरी. खाणावळ बंद. माझा फोन सोडला तर चार दिवस ती कुणाशी बोललेली नाही. त्या चौघांबरोबरच्या विषयात ती नापास झाली आहे. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मग म्हणाली, "अक्का, मनीगे बर्तीनी." घरी येते.

मला आठवतं, पंगतीतले हात थांबले होते. बायांना कन्नड येत नाही. पण रडणं कळायला भाषा लागत नाही, आणि त्यांना कॅनडा, नापास, तिकीट हे शब्द कळले असणार. पाचजणी माझ्याकडं बघत होत्या. पाच नव्हे, मला बाराजणी दिसत होत्या. लक्ष्मीबाईंचं मशीन दिसत होतं, शोभाचा गळका पत्रा दिसत होता. पोरगी अर्ध्यातून परत आली तर पैसे गेले. ते बुडाले तर या गल्लीत मी मान कुठं घालू?

मी फोन बाजूला न्यायला हवा होता. ज्वारीत दहा पावलं गेले असते तरी पुरलं असतं. मी गेले नाही. मी तिथंच उभी राहून मराठीत बोलले. जन्मात तिच्याशी मराठीत बोलले नव्हते. बायांना कळावं म्हणून मराठीत, आणि मोठ्यानं.

"पोरखेळ आहे का हा? बारा बायांचे पैसे लागलेत तुझ्यापायी. एप्रिलपर्यंत तिथंच राहायचं. रडायला पाठवलं नाही तुला."

मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "बरं." मराठीत म्हणाली. आणि ठेवला.

"असं कडक पायजे," लक्ष्मीबाई म्हणाल्या. शोभा म्हणाली, "लई बोललीस की गं, ल्हान हाय ती." पण तिच्या तोंडावर सुटल्यासारखं दिसत होतं, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. मामांना कन्नड येतं. त्यांनी तिचं ऐकलं होतं आणि माझंही. त्यांनी येळवशीच्या रीतीनं आंबिलीची घागर खांद्यावर घेतली आणि आरोळी देत, शिंपत शिंपत पिकात गेले. त्यांची आरोळी बराच वेळ लांबून ऐकू येत होती. मी पानं उचलली. भांडी घासली. त्या दिवशी मी फार बोलले, चेष्टासुद्धा केली, सगळ्यांना नवल वाटलं.

संध्याकाळी परात घेऊन बसले आणि फोन डब्याला टेकवून ठेवला. तो वाजला नाही. मी लावला असता. बोट दोनदा तिच्या नावावर नेलं. मग वाटलं, उद्या लावू, तिचा राग जाऊ दे. दुसऱ्या दिवशी तिचाच मेसेज आला, मराठीत. ती बरी आहे, काळजी करू नकोस, नापासाच्या विषयाची परीक्षा पुन्हा देता येते.

ती एप्रिलपर्यंत राहिली. पास झाली, चांगल्या मार्कांनी. मे महिन्याच्या रखरखीत उन्हात सोलापूरला उतरली, गल्लीतल्या बायांनी ओवाळलं. शोभासाठी तिनं गरम कानटोपी आणली होती, सोलापुरात, मे महिन्यात. सगळ्या हसून लोळल्या. मला तिनं हाताला लावायचं मलम दिलं. आत आली, बॅग ठेवली, आणि म्हणाली, "अक्का, पाणी देतेस का?"

मराठीत. उंबऱ्याच्या आत.

मी कन्नडमध्ये विचारायची, ती मराठीत उत्तर द्यायची. भांडली असती तर बरं झालं असतं. ती गोड बोलायची. स्वयंपाक चांगला झाला म्हणायची. पाणी दिलं की थँक्यू म्हणायची. आमच्या घरात कुणी कुणाला कधी थँक्यू म्हटलेलं नाही. काही दिवसांनी मीही मराठीत बोलायला लागले, कारण प्रत्येक वेळी एकटीनंच कन्नड बोलायचं म्हणजे बंद दारावर हात मारल्यासारखं वाटतं. आता या घरात कन्नड बोलायला मी एकटी आहे. देवाशी बोलते, मांजराशी बोलते.

तिकडचं तिनं मला नंतर काही सांगितलं नाही. त्या सुट्टीत ती काय जेवली, किती दिवस एकटी होती, पुढं त्या चौघांशी कशी बोलली. मी विचारलं की म्हणायची, "झालं गं कसंतरी." आता तिला पुण्यात चांगली नोकरी आहे. तिथंही तिला काही दुखलं, खुपलं, तर ते मला कळत नाही. मागच्या वर्षी तिला डेंग्यू झाला होता, ते मला ती बरी होऊन पंधरा दिवसांनी समजलं. "तुला कशाला त्रास," म्हणाली.

ती तिकडं असताना मी भाकरीवर हप्ते भरले. नोकरी लागल्यावर तिनं ते आपल्याकडं घेतले. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवते आणि फोन करते. "अक्का, आले का बघ." मी बघते, सांगते आले. "जेवलीस का?" जेवले. "बरं, ठेवते." असा तो फोन. त्याच्या मागून मी तिचं ऑफिस ऐकते, कुणीतरी तिला हाक मारतं ते ऐकते. महिन्यात तो एकच फोन ठरलेला.

आता जे लिहिते ते लिहायला लाज वाटते. मागच्या दिवाळीपासून माझ्याकडं पोस्टात एवढे पैसे होते की उरलेलं कर्ज मी एकदम भरू शकत होते. भरलं नाही. पैसे फिटले की पाच तारखेचा फोन कशाला येईल? दोनदा तर मी खोटंच सांगितलं, अजून दिसत नाहीत गं. म्हणजे ती संध्याकाळी पुन्हा फोन करेल. तिनं केला. बिचारी दिवसभर बँकेला विचारत बसली होती.

मी आणखीही दिवस काढले असते. पण गेल्या महिन्यात शोभा दारात येऊन बसली. तिच्या मुलीला नर्सिंगला जागा मिळाली आहे. बँकेचं म्हणणं, गटाचं आधीचं फिटल्याशिवाय नवीन मिळणार नाही. शोभानं माझ्या टोपलीतली एक भाकरी घेतली, मोडली, चावत बसली.

"तुजे सात हप्ते ऱ्हायलेत न्हवं?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. मी काय मागायला आले न्हाय. ॲडमिशन थांबत न्हाय, पन मी थांबते की. पुडच्या वर्साला बगू."

जिनं आपला पत्रा गळू दिला ती बाई माझ्या उंबऱ्यावर बसून म्हणत होती, मी थांबते. आणि पोस्टाचं पुस्तक तिच्या डोक्यावरच्या फळीवर होतं.

दुसऱ्या दिवशी मी पैसे काढले. पाच तारखेला फोन आला.

"अक्का, पाठवतेय. आले की सांग."

"नको पाठवू," मी म्हणाले, कन्नडमध्ये. "उरलेले मी भरतेय. माझ्याकडं होते. वर्षभर होते."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू फोन करतेस म्हणून."

मागं कुणीतरी हसत होतं, तिचं ऑफिस असणार. मग ते बंद झालं. ती उठून बाजूला गेली असावी. मला जे चार वर्षं बोलायचं होतं ते मी तेवढ्यात बोलून टाकलं. म्हणाले, त्या येळवशीला बाया बसल्या होत्या, फोन सगळ्यांना ऐकू जात होता, मी तुझ्याशी बोललेच नाही, त्यांच्याशी बोलले. मी तुला बा म्हणायला पाहिजे होतं. आमच्यात बा म्हणजे ये.

ती हळू म्हणाली, "मी येणार नव्हतेच अक्का. तिकीट बघितलंसुद्धा नव्हतं. बारा बायांचे पैसे आहेत हे मला माहीत नव्हतं का? तू नुसतं बा म्हणाली असतीस तर मी रडून झोपले असते. एवढंच पाहिजे होतं."

मराठीत म्हणाली. तेवढा एक शब्द सोडून.

"आता म्हणते की," मी म्हणाले. "बा."

"आता काम आहे गं इथं," ती म्हणाली. चिडून नाही, अगदी प्रेमानं म्हणाली. "बघते. सुट्टी मिळाली तर."

मी बरं म्हणाले. तिनं ठेवला.

दुपारी गटाची बैठक लक्ष्मीबाईंच्या घरी होती. बाहेरच्या खोलीत मशीन चालू होतं, ते त्यांनी बंद केलं. मी पिशवीतून पैसे काढून सतरंजीवर ठेवले.

"सात एकदम?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "बहिणीला बढती मिळाली काय ओ?"

मी हो म्हणाले. शोभा माझ्याकडं बघत होती. तिला कळलं असेल का, ठाऊक नाही. ती सरकून माझ्याजवळ बसली आणि गुडघ्याला गुडघा लावला.

लक्ष्मीबाई नोटा मोजायला लागल्या. एरवी त्या आमच्याशी मराठी बोलतात, पण मोजताना तेलुगूत मोजतात. एक नोट अंगठ्यानं मागं टाकायची आणि ओठातल्या ओठात आकडा म्हणायचा. मला त्यातलं काही कळत नाही. सगळ्या ऐकत होतो. एकदा मोजून झालं, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग वहीत लिहिलं, माझ्या नावापुढं आडवी रेघ मारली आणि वर बघून म्हणाल्या, "बरोबर हाय. पूर्ण फिटलं."

बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.